माणूस टिकतो तेव्हा मालकाला नेमकं काय मिळतं?

पाडवा जवळ आला की विदर्भातल्या गावागावांत एकच विषय निघतो: वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा सालदार यंदा राहतो की जातो? गुढीपाडव्याला साल बदलतं, म्हणजे वर्षभराच्या कामाचा जुना बोल संपतो आणि नवा ठरतो. चहाच्या टपरीवर भाव फुटतात. चांगल्या सालदाराचा वर्षाचा आकडा आता अनेक गावांत लाखाच्या पुढे गेला आहे, वर धान्य आणि कपडे वेगळे. मालक म्हणतात, "आता कोनी टिकत नाई भाऊ." सालदार म्हणतात, "टिकून तरी काय भेटलं?"

मी तालुक्याच्या गावी लहान धंद्यांचे हिशेब लिहितो. जिन (कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना), दालमिल, कृषी केंद्र, एखादं हार्डवेअरचं दुकान. पगाराचं रजिस्टर रोज समोर असतं. त्यात हजेरी, उचल, भविष्य निर्वाह निधी, सगळ्याला रकाना आहे. पंधरा वर्षं एकाच जागी इमानानं काम केलं, याला रकाना नाही. त्यामुळे ती गोष्ट फुकटची आहे असं मालकाला वाटू लागतं, आणि हळूहळू काम करणाऱ्यालाही. माझं म्हणणं इतकंच आहे की ती फुकटची नाही. तिची किंमत बऱ्यापैकी रुपयांत काढता येते, आणि ज्याची त्याला ती मिळाली तरच ती पुढे चालते.

जुन्या माणसाच्या डोक्यात काय असतं

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेपासून सुरुवात करू, कारण तिथे हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. संत्र्याला बहार आणायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात, मृग बहारासाठी उन्हाळ्यात. ताण कमी पडला तर फुलाऐवजी नुसती नवती फुटते. जास्त झाला तर झाड पानं टाकतं, फांद्या वाळतात आणि पुढची दोन वर्षं त्याचा त्रास राहतो. हे सगळं कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत वाचायला मिळतं. पण तुमच्या बागेत नाल्याकडचा भाग भारी काळ्या मातीचा आहे आणि वरच्या धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, बरड म्हणजे हलकी मुरमाड जमीन आहे, हे पुस्तिकेत नसतं. बरडावर ताण लवकर बसतो, काळ्या मातीत उशिरा. त्यामुळे एकाच बागेत पाणी सोडायची तारीख दोन ठिकाणी वेगळी येते. दहा वर्षं त्याच बागेत राबलेला गडी सकाळी पानाकडे पाहून सांगतो, "या चार ओळींले आता पानी लागते, बाकीच्याईले आठ दिवस थांबा." त्याला कृषी सहायकापेक्षा जास्त शास्त्र येतं असं नाही. त्याला ती बाग येते.

अर्थशास्त्रात अशा ज्ञानाला वेगळं स्थान आहे. काही कौशल्यं माणूस कुठेही घेऊन जाऊ शकतो, जसं ट्रॅक्टर चालवणं किंवा संगणकावर टॅली चालवणं. काही ज्ञान एकाच जागेपुरतं असतं. बागेचा वरचा धुरा त्या गड्याला दुसऱ्या बागेत उपयोगाचा नाही, आणि मालकालाही तो गडी गेल्यावर विकत मिळत नाही. हे ज्ञान दोघांनी मिळून, वर्षानुवर्षं, चुका करत कमावलेलं असतं. गडी गेला की ते दोघांच्याही हातून जातं.

जिनमध्येही तेच. कापूस घेऊन गाडी आली की जुना माणूस ढिगात हात खुपसतो आणि ओल सांगतो. कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत १२ टक्क्यांपर्यंतची ओल चालते आणि ८ टक्क्यांच्या वर भावातून कपात होते. त्यासाठी यंत्र असतंच. पण गाडीच्या मधल्या थरात ओला माल दडवलेला आहे की नाही आणि यंत्र कुठे लावायचं, ते हात सांगतो. ओला कापूस गंजीत गेला तर तापतो, रुई पिवळी पडते. कापसातला एखादा दगड किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला तर ठिणगी उडून आग लागू शकते, आणि जिनमधली आग विझवता विझवता हंगाम संपतो. पट्ट्यावरून कापूस सरकताना तो तुकडा नजरेनं टिपणारा माणूस तुमच्या विम्याच्या हप्त्याइतकाच मोलाचा आहे.

आता कृषी केंद्राच्या काउंटरवर या. पेरणीच्या दिवसांत शेतकरी दुकानात येतो तो बहुतेकदा मालकाला भेटायला नाही, काउंटरवरच्या माणसाला भेटायला येतो. कोणत्या शिवारात गेल्या साली कोणतं बियाणं उगवलं नाही, कोणाकडे तूर निघाल्यावर पैसे येतात आणि कोणाकडे कापूस विकल्यावर, हे त्याला ठाऊक असतं. औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण असला तर तो जास्तीत जास्त विषारी गटातला, हे तो फवारणाऱ्या पोराला बजावून सांगतो, आणि पोरगं त्याचं ऐकतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. ते वर्ष आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. ओळखीच्या, भरवशाच्या माणसानं "हे दोन औषधं मिसळू नको" म्हणणं याची किंमत काय धरायची, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

समजा या काउंटरवरच्या माणसाला महिना १४,००० रुपये आहेत आणि तो २,००० वाढवून मागतो. वर्षाचे झाले २४,०००. मालकाला ते जड वाटतात आणि माणूस शेजारच्या दुकानात जातो. नवा माणूस १२,००० त मिळतो, म्हणजे कागदावर जुन्या पगारातूनही २४,००० वाचले. आता उधारी धरा. हंगाम संपताना दुकानाची दहा लाख बाहेर आहे. नव्या माणसाला कोणाकडे कधी जायचं ते कळत नाही. पाच टक्के जरी अडकले तरी ५०,००० गेले. शिवाय ऐन जूनमध्ये मालकाला स्वतः काउंटरवर बसावं लागलं, म्हणून रेल्वेनं येणाऱ्या खताच्या रेकसाठी पाठपुरावा झाला नाही, आणि जुन्या माणसामागे काही गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात गेली. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, तुमच्या दुकानाचे टाकून पाहा. वाढ नाकारून पैसे वाचले असं फार क्वचित निघतं.

यात अजून एक खर्च धरलेला नाही: नजर ठेवण्याचा. ज्या मालकाला गल्ला सोडून नागपूरला दवाखान्यात दोन दिवस जाता येतं, त्याच्याकडे विश्वासाचा माणूस आहे. ज्याला जाता येत नाही तो कॅमेरे लावतो, मेव्हण्याला बसवतो, रात्री साठा मोजत बसतो. या सगळ्याला पैसे आणि झोप, दोन्ही लागतात.

राहिला म्हणजे मनानं राहिला असं नाही

इथे एक मोठा गैरसमज आहे. माणूस वीस वर्षं राहिला म्हणजे तो निष्ठावान, असं आपण सरसकट धरतो. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली याची नीट मांडणी केली, आणि ती आजही कामाला येते. त्यांच्या मते माणूस एका जागी तीन कारणांनी राहतो. त्याला ती जागा, ते काम, ती माणसं मनापासून आपली वाटतात. किंवा सोडणं परवडत नाही म्हणून तो राहतो. किंवा सोडणं बरोबर दिसणार नाही, उपकाराची जाण ठेवली पाहिजे, असं त्याला वाटतं. एकाच माणसात तिन्ही कारणं कमी-जास्त असू शकतात. मालकाला वर सांगितलेला सगळा फायदा मिळतो तो मुख्यतः पहिल्या कारणामुळे. नुसता नाइलाजानं राहिलेला माणूस हजेरी लावतो, पण धुऱ्याकडची ओळ सुकते आहे हे सांगायला धावत येत नाही.

विदर्भाच्या खेड्यात दुसरं कारण फार वेळा उचलीच्या रूपात येतं. मुलीचं लग्न, आईचं ऑपरेशन, घराचं छप्पर, यासाठी सालदार मालकाकडून उचल घेतो. साल संपतं, उचल फिटत नाही, म्हणून तो पुढचं साल बांधून घेतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की काय इमानदार गडी आहे, बारा वर्षं झाली. प्रत्यक्षात त्याला जाता येत नाही. उचल देणं वाईट नाही. अडीनडीला बँक दारात उभं करत नाही तेव्हा मालकच धावून येतो, आणि अनेक मालक ते खऱ्या मायेनं करतात. पण कर्ज फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जायचं नाही अशी अट त्यात आली, किंवा उचलीपोटी सरकारी किमान मजुरीपेक्षा कमी मजुरी धरली गेली, की ती बाब १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्यात जाते. तो कायदा असं कर्जच रद्द ठरवतो. म्हणून ज्या मालकाला आपला गडी खरंच मनानं राहिला आहे का हे जाणून घ्यायचं असेल, त्यानं उचलीचा हिशेब वेगळ्या कागदावर लिहावा, दर महिन्याला किती कापले ते त्याला दाखवावं, आणि "जायचं तर जा, बाकी हप्त्यानं दे" असं तोंडानं सांगावं. त्यानंतर जो राहतो तो राहिलेला.

तिसरं कारण, म्हणजे उपकाराची जाण, आपल्याकडे खूप ताकदीचं आहे. "मालकानं पोराची फी भरली होती, आता कसं सोडू?" यात खोटं काही नाही. पण हे ऋण वसूल करायला बसलं की ते लवकर संपतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्याच पॅनलला मत दे, माझ्या भावाच्या लग्नात चार दिवस राब, अशी बिनपगारी यादी वाढत गेली की एक दिवस तो माणूस मनातल्या मनात हिशेब चुकता करतो आणि पाडव्याला गप्प निघून जातो. मालकाला वाटतं कृतघ्न निघाला.

लेखी करार नसतानाही माणसं मनानं कशी बांधली जातात, हे पाहायचं तर कापूस वेचणीच्या दिवसांत बायांची टोळी कोणाच्या वावरात आधी जाते ते पाहा. दिवाळीच्या आगंमागं सगळ्यांच्याच वावरात एकदम कापूस फुटतो आणि हात तेवढेच असतात. किलोमागचा भाव गावात जवळपास सारखाच असतो. तरी टोळी ठरावीक चार-पाच घरी पहिल्यांदा जाते. का, ते बायांना विचारलं की उत्तर साधं मिळतं. तिथे बाजाराच्या दिवशी चुकारा हातात मिळतो, "पुढच्या बाजाराले पाहू" होत नाही. काटा सगळ्यांसमोर होतो. प्यायला थंड पाणी असतं. अंधार पडायच्या आत घरी पोचवायला ऑटो असतो. आणि निंदणाच्या दिवसांत, काम कमी असताना, त्याच बायांना आधी बोलावणं येतं. ऐन हंगामात अवकाळी पाऊस येऊन कापूस भिजायच्या आत ज्याचं वावर वेचून होतं, त्याला या सगळ्याचा परतावा एका आठवड्यात मिळतो.

नागपूरची गिरणी आणि अमेरिकेतला कारखाना

माणूस टिकवायला खर्च करावा लागतो हे विदर्भानं फार आधी पाहिलं आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला. कापूस पिकतो तिथेच गिरणी काढायची, हा त्यामागचा विचार होता. पण कामावर येणारी माणसं शेतीतून आलेली, रोज भोंग्याला हजर राहण्याची सवय नसलेली. गैरहजेरी मोठी होती. दंड आणि हकालपट्टी हा त्या काळचा सरळ मार्ग होता. टाटांनी १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. भारतात अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ साली आणि भविष्य निर्वाह निधीचा १९५२ साली. म्हणजे एका गोष्टीत ही गिरणी कायद्याच्या २८ वर्षं पुढे होती आणि दुसरीत साठाहून जास्त. उद्या यंत्रात हात गेला तर घर उघड्यावर पडणार नाही, हे माहीत असणं रोजच्या हजेरीत उतरतं. आज शेड टाकून दालमिल चालवणाऱ्या माणसालाही यातून घेण्यासारखं आहे.

दुसरं उदाहरण फोर्डच्या मोटार कारखान्याचं. १९१३ साली तिथे सुमारे १४,००० माणसं कामावर ठेवण्यासाठी वर्षभरात ५२,००० च्या आसपास भरती करावी लागली. माणसं येत, चार दिवस पट्ट्यावर उभी राहत, निघून जात. सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं. ५ जानेवारी १९१४ ला हेन्री फोर्डनं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून जास्त, आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. सोडून जाण्याचं प्रमाण त्या वर्षी ५४ टक्क्यांवर आणि १९१५ मध्ये १६ टक्क्यांवर आलं. ही गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात नेहमी सांगतात. तिचा उरलेला भाग कमी सांगतात. पाच डॉलरमधला जवळपास निम्मा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता, आणि तो मिळण्यासाठी कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, पैसे साठवतो का, घर स्वच्छ ठेवतो का, हे तपासत. पगारासोबत माणसाचं घरही ताब्यात घ्यायची ही ओढ आमच्या भागातल्या मालकांत मी पाहिली आहे, आणि ती दरवेळी महागात पडते.

इमानदारावरच ओझं का पडतं

आता सगळ्यांत दुखऱ्या भागाकडे येऊ. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी सुमारे १,४०० व्यवस्थापकांना एका काल्पनिक कर्मचाऱ्याची माहिती वाचायला दिली. कंपनी पैशाच्या अडचणीत आहे. या माणसाला बिनपगारी जादा काम द्याल का, असा प्रश्न होता. जिथे त्या माणसाचं वर्णन निष्ठावान असं केलं होतं, तिथे व्यवस्थापक त्याच्यावर फुकटचं काम टाकायला जास्त तयार झाले. उलट बाजूनंही तपासलं गेलं. ज्यानं असं फुकटचं काम स्वीकारलं, त्याला लोकांनी आणखी निष्ठावान ठरवलं. म्हणजे चक्र पूर्ण होतं. इमानदार म्हणून काम पडतं, काम केलं म्हणून आणखी इमानदार, म्हणून आणखी काम.

वाचल्यावर मला आमच्याकडचे चेहरे आठवले. "तो आपलाच माणूस आहे" हे वाक्य कौतुक म्हणून सुरू होतं, आणि रात्री दहाला ट्रक उतरवायला बोलावताना तेच कारण बनतं. पगारवाढीच्या वेळी पुन्हा तेच: आपलाच आहे, समजून घेईल. नव्या माणसाला मात्र बाजारभावानंच घ्यावं लागतं. तीन-चार वर्षांत अशी वेळ येते की काल आलेल्या पोराला १५,००० आणि त्याला काम शिकवणाऱ्या जुन्याला १३,०००. मालकाच्या मनात दुष्टावा असतोच असं नाही. नव्याचा भाव बाहेर ठरतो, जुन्याचा भाव कोणी विचारत नाही, म्हणून तो जिथल्या तिथे राहतो. पण जुन्याला नव्याचा आकडा कळतोच, गावात काही लपत नाही, आणि त्या दिवसापासून तो काम शिकवणं बंद करतो.

यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, कोणी न मागता, जुन्या माणसाचा पगार बाजाराशी ताडून पाहायचा. हे काम आज नवीन माणसाला द्यायचं तर किती द्यावं लागेल, हा आकडा काढायचा आणि जुन्याला त्याच्या खाली ठेवायचं नाही. भीक मागितल्यासारखं मागावं लागलं की दिलेली वाढही गोड लागत नाही.

निष्ठा म्हणजे गप्प बसणं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. ओल मोजायचं यंत्र चुकीचं दाखवतंय, काटा मारला जातोय, मुनीम दोन पावतीपुस्तकं वापरतोय, हे मालकाच्या तोंडावर सांगणारा माणूस धंद्याचा खरा हितचिंतक आहे. आणि मालकच काटा मारायला सांगत असेल तर "हे मी करनार नाई" म्हणणाऱ्यानं कोणाशी बेइमानी केलेली नाही. ज्या दुकानात वाईट बातमी मालकापर्यंत पोचत नाही, तिथे ती थेट तपासणीच्या दिवशी कळते.

कायद्यानं लावलेली किंमत

निष्ठेला रकाना नाही असं मी वर म्हणालो, पण कायद्यानं एक रकाना दिला आहे. तो म्हणजे उपदान, ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात. मूळ कायदा १९७२ चा, आता ती तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. दुकानात किंवा आस्थापनेत दहा किंवा जास्त माणसं असली की ती लागू होते, आणि नंतर संख्या कमी झाली तरी सुटत नाही. सलग पाच वर्षं काम केलेल्या माणसाला सोडताना, निवृत्त होताना, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यायचा. महिना २६ दिवसांचा धरतात. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल आणि सेवा दहा वर्षं असेल, तर १३,००० भागिले २६ म्हणजे दिवसाचे ५००, पंधरा दिवसांचे ७,५००, आणि दहा वर्षांचे ७५,०००. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला संहितेनुसार वर्षभराच्या सेवेवरही हा हक्क मिळतो.

जिनच्या लोकांना बहुतेकदा माहीत नसलेली एक गोष्ट: फक्त हंगामात चालणाऱ्या आस्थापनेतल्या हंगामी माणसालाही उपदान आहे, दर हंगामामागे सात दिवसांचा पगार. त्या हंगामात जिन जितके दिवस चालली त्याच्या ७५ टक्के दिवस त्यानं काम केलेलं असावं लागतं. दिवाळीला येऊन उन्हाळ्याच्या तोंडावर घरी जाणारा माणूस "आपल्याले कायची ग्रॅच्युइटी" म्हणतो, कारण त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

भविष्य निर्वाह निधीत, वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी, दोघांचे बारा-बारा टक्के जातात आणि मालकाच्या भागातला एक हिस्सा पेन्शनकडे वळतो. त्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, पण ती एकाच मालकाकडे लागत नाही. एकच यूएएन, म्हणजे निधीचा कायमचा खातेक्रमांक, ठेवून खातं पुढे नेलं तर बुटीबोरीच्या कारखान्यातली तीन वर्षं आणि गावच्या जिनची सात वर्षं एकत्र धरली जातात. दर नोकरी सोडताना पैसे काढून घेणाऱ्या पोरांची ही सेवा तुटत राहते. चार ठेकेदारांकडे मिळून बारा वर्षं राबलेला माणूस पेन्शनला शून्यावर उभा असतो, असं मी पाहिलं आहे.

सालदार या सगळ्याच्या बाहेर राहतो, आणि हेच मला सगळ्यांत जास्त खुपतं. ज्याच्या टिकण्यावर आख्खी शेती उभी आहे, त्याच्या टिकण्याला कायद्यानं काहीच किंमत लावलेली नाही. पण मालकानं मनावर घेतलं तर थोडक्या पैशांत बरंच करता येतं. बँकेतून होणारा पंतप्रधान जीवनज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांचा आणि सुरक्षा विमा २० रुपयांचा. दोन्ही मिळून ४५६ रुपयांत सालदाराच्या मागे घराला दोन लाखांचा, अपघात असेल तर चार लाखांचा आधार उभा राहतो. श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वयाचा असंघटित कामगार भाग घेऊ शकतो. २९ व्या वर्षी सुरू केलं तर महिना १०० रुपये, तेवढेच केंद्र सरकार टाकतं, आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. सालाच्या बोलीत धान्याच्या पायल्या ठरतात, तशी ही दोन कलमं लेखी घालायला काय हरकत आहे? सालदार दुसऱ्याकडे गेला तरी ती त्याच्यासोबत जावीत. अडकवून ठेवण्यासाठी दिलेल्या सोयीला माणूस लगेच ओळखतो.

आणि तरीही माणसं जातात. गावातला आयटीआय झालेला पोरगा चाकणला, रांजणगावला, बुटीबोरीला जातो, कारण तिथे कंपनीची बस आहे आणि लग्नाच्या बाजारात "कंपनीत आहे" याला वजन आहे. कृषी केंद्राच्या मालकानं कितीही जीव लावला तरी त्या पगाराशी त्याची बरोबरी होत नाही. अशा जाण्याला बेइमानी म्हणणं मला पटत नाही. त्यानं जितके दिवस काम केलं तितके दिवस नीट केलं का, जाण्याआधी महिनाभर सांगितलं का, आपलं काम दुसऱ्याला शिकवून गेला का, उधारीची वही समजावून दिली का, यावर त्याची पारख व्हावी. मालकाचीही पारख त्याच महिन्यात होते. उरलेला पगार अडवून न धरता द्यावा, उपदान बसत असेल तर तीस दिवसांच्या आत चुकतं करावं, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात कामावर आल्याची आणि सोडल्याची तारीख बरोबर भरावी. आणि किती वर्षं, कोणतं काम, एवढं एका कागदावर लिहून सही-शिक्का मारून द्यावा, कारण नव्या कारखान्याच्या गेटवर पहिल्या दिवशी तोच कागद मागतात.